माझ्या नावापुढच्या दोन ओळी

९ जानेवारी, शुक्रवार. जेद्दा.
निखिलच्या बँडची तालीम पाहिली. पाहिली कसली, वाजवली. त्यांचा व्हायोलिनवाला फायनल एक्झिट घेऊन कायमचा मायदेशी गेला आणि नि.ने परस्पर सांगून टाकलं, ‘आईला येतं.’ मला कळलं गाडीत बसल्यावर.
बँडचं नाव ‘खजूर बॉइज’. सगळ्यात तरुण बॉयला टक्कल पडलंय. (जोएल. तो फिलिपिन्सचा, हॉस्पिटलात नर्स आहे.) आता सगळ्यात थोर बॉय मी, सदुसष्ट वर्षांची.
संगीत ब्लूग्रास. अमेरिकेच्या डोंगरातलं, भरधाव. व्हायोलिनला हे लोक फिडल म्हणतात. मी दुरुस्त केलं. कोणी ऐकलं नाही.
नोटेशन मागितलं. वॉल्टर, म्हणजे बँजो, म्हणजे या सगळ्यांचा म्होरक्या, म्हणाला, “कागद नसतो, मॅम.” मग बसवता कसं? “ऐकून.” अकरा वर्षं शिकून, परीक्षा देऊन मी आता ‘ऐकून’.
कार्यक्रम सहा फेब्रुवारीला, कम्पाउंडच्या (परदेशी लोकांच्या वसाहतीच्या) क्लबात. रमजानच्या आधी उरकायचा म्हणून घाई.

१२ जाने.
कार्यक्रमपत्रिकेसाठी नि.ने सदस्यांची ओळख लिहिली. वॉल्टरला सहा ओळी. हनीफभाईंना पाच. स्वतःला चार, त्यात तीन चुका. माझ्यापुढे: ‘निखिलची आई. निवृत्त. लहानपणी व्हायोलिन शिकल्या.’
लहानपणी! जसं काही सापशिडी.
“आई, जागा नव्हती गं.”
“मग तुझी टक्केवारी कशाला छापतोस कॉलेजची?”
“बरं, सगळ्यांचं तूच लिही. दोन-दोन ओळी. खलास.”
लिहीन. निदान इंग्रजी तरी शुद्ध होईल.

१६ जाने., शुक्र.
तालमीआधी एकेकाला बसवून विचारलं: कोणाकडे शिकलात?
वॉल्टर: मामाकडे, घराच्या पायरीवर. मामाचं एक बोट करवतीत गेलं होतं. पोराला वाटलं बँजो असाच वाजवतात, म्हणून यानेही एक बोट मिटून शिकून घेतलं. आज साठीत ते बोट तसंच मिटलेलं. “आता उघडलं तर गोंधळ होईल, मॅम.”
हनीफभाई, मँडोलिन. रत्नागिरीकडचे, इथे बंदरावर माल सोडवण्याचं काम. वडील लग्नांत बुलबुलतरंग वाजवायचे. हात लावू देत नसत. “बाबा दुपारी जेवून आडवे झाले की मी, ताई, तारेवर फडका टाकून वाजवायचो. आवाज नको ना व्हायला.” अजूनही त्यांचा हात हलका आहे. कारण आज कळलं.
जोएल: चर्चच्या क्वायरमध्ये आवाज फुटला, गाण्यातून काढून बेस हातात दिला.
नि.: हॉस्टेलच्या सिनियरने तीन कॉर्ड शिकवल्या. “चौथी शिकतोय.” हसतो वर.
यांतल्या एकाकडेही सर्टिफिकेट नाही. आणि सगळे मला सांभाळून घेतात! राग त्याचाच येतो.

२० जाने.
मुख्य गाणं (खाणीत गेलेल्या नवऱ्याचं) रेकॉर्डिंग ऐकून उतरवलं. माझ्या वाट्याचा एकटीने वाजवायचा तुकडा, सोळा बार (आवर्तनं म्हणा), ए मेजर. शाई, पट्टी, सगळं. कॉन्व्हेंटात मला व्हायोलिन शिकवणाऱ्या सिस्टर ब्लाँशने पाठ थोपटली असती.

२३ जाने., शुक्र.
लिहवत नाही. पण लिहिते.
यांची पद्धत अशी की माइक एकच. सगळे अर्धगोलात उभे. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे सरकून वाट देतात, झालं की तो मागे. मी कागदाचा स्टँड मध्ये ठेवला. सगळे त्याला अडखळत होते. म्हटलं, अडखळा.
गाणं सुरू करताना वॉल्टर घसा खाकरून म्हणाला, “आज बी-मध्ये घेऊ.” नि.ने गिटारच्या तारांवरचा चिमटा दोन घरं सरकवला. वॉल्टरनेही. झालं यांचं. माझा कागद ए-मध्ये. आणि बी म्हणजे वरची पट्टी, पाच शार्प, पाच चढे सूर!
माझी पाळी आली. पुढे गेले. दोन बार वाजले असतील, आणि मी थांबले. बाकीचे थांबले नाहीत. ते वाजवतच राहिले, माझी जागा मोकळी ठेवून. त्याहून वाईट काय असतं?
वॉल्टर नंतर: “तुम्ही सुंदर वाजवता, मॅम. फक्त आमच्याबरोबर वाजवत नाही.”
परतताना नि.: “आई, तू मागे राहून नुसता ठेका धर ना. सोलो हनीफभाई घेतील.”
“मुलांच्या गॅदरिंगमध्ये झाड करतात तसं?”


२४ जाने.
सिस्टर ब्लाँश वाजवून झालेला बार पोस्टकार्डाने झाकत जायची. मागे बघायचं नाही, नजर पुढे. मला पुढचं कायम लिहिलेलं मिळालं. न लिहिलेलं कधी वाजवलंच नाही.
आणि नि.ने लिहिलेलं खोटं नव्हतं. लग्नानंतर व्हायोलिन आईकडे माळ्यावर गेलं. मग बँक, बदल्या, नि., त्याचे बाबा. निवृत्तीनंतर खाली काढलं तेव्हा पेटीत…

पुढचं नको.

३० जाने., शुक्र.
हनीफभाई लवकर आले होते. म्हणाले, “ताई, एक विचारू? आमच्या शेजारी गणपती असायचा. आरतीला कोणीतरी भलत्याच पट्टीत सुरू करायचा. कोणी थांबायचं का?”
“ती आरती. हे संगीत.”
“बरं,” म्हणाले, आणि बी-मध्ये सुरू केलं. हळू. मी मागोमाग. कागदाशिवाय आठ बार जमले. नववा गेला. पुन्हा आठ. पुन्हा नववा गेला. सहा वेळा! गजच फेकावासा वाटला.
तालमीत माझी पाळी हनीफभाईंनीच घेतली, माझ्याकडे न बघता. मी झाड.

३ फेब्रु.
पत्रिका छापायला जाणार. चौघांचं तयार, माझंच नाही. शेवटी दिलं: ‘अकरा वर्षं सिस्टर ब्लाँशकडे शिकले. मग बेचाळीस वर्षं वाजवलं नाही.’
नि.ने दोनदा वाचलं. “हे असं छापायचं?”
“दोन ओळीच सांगितल्या होत्यास.”
जरा वेळाने, दारात उभा राहून: “आई, बेचाळीस वर्षं का नाही?”
चाळीस वर्षांचा झाला, आज विचारलं. म्हटलं, कार्यक्रम झाल्यावर. आधी जेव.

६ फेब्रु., शुक्र. दुपारी चार.
वॉल्टरचा निरोप: घसा आज खुललाय. बी किंवा सी, तिथे ठरवू. सी! घसा आहे की लिफ्ट.
सकाळपासून नववा बार चार वेळा जमला, तीन वेळा नाही.
नि. विचारत होता, सोलो हनीफभाईंना सांगून ठेवू का. म्हटलं, सांगू नकोस. ‘म्हणजे तू घेणार?’ म्हटलं, सांगू नकोस, एवढंच म्हटलंय मी.
पत्रिका आली. कागद बरा आहे. ‘खजूर बॉइज’ मोठ्या अक्षरांत, खाली पाचवं नाव माझं, पूर्ण. ‘निखिलची आई’ कुठेही नाही.
खाली हॉर्न वाजतोय. स्टँड दाराशी ठेवला होता, तो परत खोलीत नेऊन ठेवला. सोळा बारांचा कागद मात्र घडी करून पर्समध्ये आहे.