उजव्या खुब्याचा सूड

९ नोव्हेंबर
पडून आहे. कालच्या सामन्यात मुलुंडच्या श्रुतिकाने माझा घोटा धरला. मी तिला ओढत मध्यरेषा गाठली, गुण घेतला, आणि उजव्या खुब्यात कट्ट! मार्चमध्ये उपनगर संघाची निवड आहे. तिला नेमकं हेच हवं होतं.
संकल्प: सूड घेणार. पण नियमात बसणारा. मैदानावर, पंचांसमोर. शिव्याशाप द्यायचे नाहीत. मनातल्या मनात दिलेले धरायचे की नाही, ते ठरवायचंय.

१२ नोव्हेंबर
एमआरआय झाला. खुब्याच्या सांध्याची कड फाटली आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन इतक्यात नको, आधी फिजिओ. शकुआत्या म्हणाली, मशिनीत घालून काय कळतला गो, तेल लाव.
आत्याला उलट बोलता येत नाही. कबड्डी मी क्लबमध्ये नाही, हिच्याकडे शिकले, आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. दम, चपळाई आणि गुण घेऊन परतल्यावरचा शड्डू. आमच्या घराण्याचा शड्डू साधा नाही. उडी मारून गुडघा छातीला लावायचा आणि मांडीवर अशी थाप द्यायची की खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले पाहिजेत. आजोबा गिरणीच्या संघात होते, तेव्हापासूनची खूण.

१८ नोव्हेंबर
फिजिओ चेतना मॅडमकडे पहिला दिवस. कुशीवर झोपायचं, दोन्ही गुडघ्यांभोवती रबरी पट्टा, आणि शिंपला उघडावा तसा वरचा गुडघा उघडायचा. पट्ट्याचं नाव श्रुतिका ठेवलं. ताणताना फार बरं वाटतं. मॅडमनी विचारलं, हसतेस का? म्हटलं, स्नायू जागे होताहेत.
खोटं बोलले. जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर
मॅडमना फोन करून खरं सांगितलं. म्हणाल्या, नाव काहीही ठेव, फक्त श्वास रोखू नकोस. कबड्डीवालीला हे सांगतात!

२ डिसेंबर
श्रुतिका आली! चक्क घरी! म्हणते कशी, काय गं अपू, वाट लागली ना तुझी? माझ्याच पलंगावर बसली. आत्याने तिला दोनदा चहा दिला आणि तिच्या पकडीचं कौतुक केलं. घरातच फितुरी. मी चेहरा थंड ठेवला. श्रुतिकाने विचारलं, ताप आलाय का?
जाताना डिंकाचे लाडू ठेवून गेली. अपराधी मन, दुसरं काय? काही कालवलंय का बघायला एक खाल्ला. खात्री होईना, म्हणून अजून एक. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. कालवल्याचा पुरावा मिळाला नाही.

१० डिसेंबर
सौरभने (धाकटा भाऊ) सामन्याचा व्हिडिओ काढला होता. मी तो बघत नाही, रक्तदाब वाढतो. पण मॅडमना अन्याय दिसायला हवा म्हणून घेऊन गेले. त्यांनी दोनदा बघितला. म्हणाल्या, हिने तर तुला सोडलंय. तू उठलीस, चार पावलं नीट चाललीस, मग ही उडी मारलीस, मांडीवर थाप मारलीस आणि खाली बसलीस.
मॅडम हुशार आहेत, पण त्यांना कबड्डी कळत नाही. मार बसला की वळ नंतर उमटतो. तसंच हे. घोट्याला धरलेलं खुब्यात उमटायला चार पावलं लागणारच.

७ जानेवारी
प्रगती झकास, म्हणून स्वतःहून दुप्पट व्यायाम केला. मॅडमना सांगितलं नाही. आज जिना उतरवेना. मग सांगितलं. मॅडम ओरडल्या, आठवडाभर पट्टा बंद.
ही आठवडाभराची सुट्टी श्रुतिकाच्या खात्यावर. तिने पाडलं नसतं तर दुप्पट करायची वेळच आली नसती.

१५ फेब्रुवारी
एका पायावर उभी राहिले. डोळे मिटून. हलले नाही! मिटल्या डोळ्यांसमोर श्रुतिका मैदानाबाहेर जाताना दिसत होती, त्याचाही उपयोग झाला असणार.
मॅडमनी पळायला परवानगी दिली. वर एक अट: उजवा गुडघा उडी मारून छातीला लावायचा नाही. विचारून घेतलं, उजवाच ना? म्हणाल्या, हो गं, उजवाच.

९ मार्च
गच्चीवर सराव. परत आल्यावर हात वर केला आणि शांत उभी राहिले. आत्याला सहन झालं नाही. गप परत इलंस तर लोकांका वाटतला तू बाद झालंस, म्हणाली. तिला मॅडमची अट सांगितली. आत्या म्हणाली, डावो पाय काय गहाण ठेवलंस?
विचार करण्यासारखं आहे.

२१ मार्च
उद्या मुलुंडविरुद्ध सामना. निवड समिती येणार. योजना साधी: पहिल्याच चढाईत श्रुतिकाला बाद करायचं. ती खाली मान घालून बाहेर बसेल. मी तिच्याकडे बघणारही नाही. एकदाच बघेन.

२२ मार्च, संध्याकाळ
योजना यशस्वी. पहिली चढाई. श्रुतिका घोट्यावर आली, मी पाय काढून घेतला, तिच्या खांद्याला हात लावला आणि परत. श्रुतिका बाद! निवड समितीतले एक गृहस्थ वा म्हणाले, मी स्वतः ऐकलं.
मग शड्डू. डाव्या पायाने. अट उजव्याची होती, मी ती अक्षरशः पाळली.
डाव्या जांघेत कट्ट.
श्रुतिका बाद होऊन बाहेर बसली होती, म्हणून तीच मोकळी होती. तिनेच मला पाठुंगळी घेतलं आणि रिक्षापर्यंत नेलं. वाटेत धापा टाकत म्हणाली, यार अपू, या वेळी तर मी तुला धरलंसुद्धा नव्हतं. मनात म्हटलं, धरायला आली तर होती ना?
चेतना मॅडमना फोन केला. अटीचं नीट समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, उद्या ये, पट्टा आण.
निवड झाली. श्रुतिकाची.
आत्ता तिचा फोन आला होता. विचारत होती, लाडू डिंकाचे आणू की मेथीचे. सूड बाकी असताना गोड बोलणं बरं दिसत नाही. अगदी तुटकपणे उत्तर दिलं.
डिंकाचे.