केशरची तबकडी कोणत्या वेगाने वाजवावी याविषयी

मी, चंद्रभान आश्रुबा गरुड, वय बासष्ट, धंदा शेती व पेटीवादन, राहणार पिंगळी, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. शरीर थकले आहे. डोके ठिकाणावर आहे आणि कानाला सूर कळतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मेहुणे मुंजाजी यांचा सल्ला घेतलेला नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

एक. पेडगावची तीन एकर जमीन मुलगा भुजंग याला. राहते घर भुजंग आणि मुलगी सुगंधा यांना निम्मे निम्मे. यावर दोघांचे भांडण नाही.

दोन. पट्ट्यावर चालणारा माझा रेकॉर्ड प्लेअर, ट्रान्सफॉर्मरसह, आणि माझी मयत पत्नी केशरबाई हिच्या गौळणींची एकुलती एक तबकडी सुगंधाला. भांडण आहे ते इथे, म्हणून खुलासा करतो.

हैदराबादेत ती तबकडी निघाली तेव्हा पेटीवर मीच होतो. केशर काळी चारमध्ये गायली. पुढच्याच वर्षी ती वारली. सुगंधा दोन वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षांनी, परभणीहून मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन साहेबाकडून मी हे यंत्र घेतले. पहिल्याच दिवशी केशर पांढरी चारवर, तीन स्वर खाली, गाऊ लागली. आवाज जाड, संथ, जेवून सुस्तावलेल्या बाईसारखा. तबकडीतली माझी पेटीही तिच्याबरोबर खाली उतरली.

मुंजाजी म्हणाले, "दाजी, पट्टा ढिला झालाय, दुसरं काय न्हाई." त्यांनी सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून घातला. मग शिवणयंत्राचे तेल. मग उन्हात वाळवणे. सगळे करून थकल्यावर म्हणाले, "अक्का आशीच गायची. तुमचाच कान बिघडलाय." सख्खा भाऊ! परभणीच्या तीन मेकॅनिकांनी तीन नवे पट्टे बसवले आणि तिघांनीही विजेला दोष दिला. यात अठरा वर्षे गेली.

गेल्या दिवाळीआधी लेथवाल्या रायभानने थाळीवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला तेहतीसच्या वर हव्यात, भरल्या अठ्ठावीस. पट्टा बदलला तरी अठ्ठावीस. तो म्हणाला, "मास्तर, पट्ट्याचा दोष आसता तर आकडा डळमळला आसता. ह्यो हलंना. मोटर त्यांच्या देशातल्या विजेची हाय. त्यांची वीज सेकंदाला साठ झोके घेती, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मरनं झोके वाढत न्हाईत." त्याने मोटरच्या कप्पीवर बसेल असे पितळी टोपण कातून दिले, कप्पी एक पंचमांशाने जाड होईल एवढे. केशर काळी चारवर आली. मी पेटी लावून तीनदा खात्री केली.

दिवाळीला सुगंधा राणीसावरगावहून, सासरहून, आली. दरसाल आल्या आल्या ती आईची तबकडी लावते. या वेळी मीच लावली. मुंजाजी म्हणाले, "अक्काला गाडी गाठायची हाय का?" सुगंधा हसली नाही. दोन ओळी ऐकून तिने सुई उचलली आणि म्हणाली, "बाबा, ही तुमची बायको आसंल. माझी आई न्हाई."

मी तिला फेऱ्या मोजून दाखवल्या. पेटीवर सूर दाबून दाखवला. विजेचे झोके कागदावर काढून दाखवले. ती भाऊबीजेच्या आधीच निघून गेली. चार महिने झाले, पत्र नाही. इतक्या वर्षांनी एक वस्तू दुरुस्त झाली आणि घरात ती मला एकट्यालाच हवी आहे.

तीन. पेटी गावच्या भजनी मंडळाला. मुंजाजींना ती उघडू देऊ नये. त्यांना माझा कोट द्यावा, तो त्यांना होतो.

चार. रायभान साक्षीदार असल्याने त्याला मी काही देऊ शकत नाही. त्याला हे समजावले असता तो म्हणाला, "मग दुसरा साक्षीदार बघायचा व्हता की."

पाच. टोपणाविषयी. बरोबर वेग कोणता, याबद्दल माझे मत बदललेले नाही. मी आहे तोवर टोपण जागेवर राहील आणि मी केशरला काळी चारमध्येच ऐकेन. माझ्यानंतर ठेवायचे की काढायचे हे सुगंधाने एकटीने ठरवावे. मामाने किंवा भावाने मध्ये बोलू नये. काढायचे झाल्यास पट्टा उतरवून टोपण दोन बोटांनी वर ओढावे. रायभान डाख देऊन ते कायमचे पक्के करणार होता. मी करू दिले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण: पिंगळी
तारीख: ९ मार्च १९८७

सही: चंद्रभान आश्रुबा गरुड

साक्षीदार:
१. रायभान मल्हारी शेळके, लेथकाम, परभणी
२. दिनकरराव माणिकराव देशमुख, शेती, पिंगळी