पाच फुटांवरची कुजबूज

४ मार्च
आजपासून रोजनिशी. घरात कोणाशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही. सगळे पुटपुटतात. बायको तोंडातल्या तोंडात बोलण्यात तरबेज झाली आहे. सुनेचं त्याहून भारी, ओठ हलतात आणि आवाज बंद. टीव्हीवाल्यांनीसुद्धा आवाज कमी केलाय. मी वाढवला की शेजारी भिंत ठोकतो म्हणे. मला तर कधी ठोकल्याचं ऐकू आलं नाही.
संकल्प : लायसन्स रिन्यू होईपर्यंत वजन उतरवायचं. कोणावर चिडायचं नाही. मेहुण्याला माणसात आणायचं. (मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच ट्रकवर क्लीनर आहे. दुसरं कोण ठेवणार त्याला?)

५ मार्च
मेहुण्यावर चिडलो. वजन उद्यापासून.

९ मार्च
मॅनेजरने सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात उभं करून बरंच काही सांगितलं. मी मधूनमधून मान डोलावली. मान डोलावणं हे अनुभवी माणसाचं लक्षण आहे.
नंतर मेहुण्याकडून कळलं. नवा नियम. रिन्यूअलच्या मेडिकलमध्ये आता कानांची टेस्ट. डॉक्टर पाठीमागे पाच फुटांवर उभा राहून कुजबुजणार, आपण ते म्हणून दाखवायचं. नापास झालं तर कानाचं मशीन लावून पुन्हा. तेही जमलं नाही तर सरकारकडे सूट मागायची. नाहीतर घरी बसायचं.
मला काय त्याचं! सव्वीस वर्षं स्टेअरिंगवर आहे. तसाही मी ट्रक कानाने ऐकत नाही, बुडाने ऐकतो. गिअरबॉक्स कुरकुरला की सीटमधून आधी मला कळतं, मग मेकॅनिकला.

१२ मार्च
यार्डात नवा ड्रायव्हर आला आहे. ठार बहिरा! जन्मापासूनचा. पोरांनी त्याचं नाव ‘सायलेंट’ ठेवलंय. अशा नावांना हसणं माझ्या स्वभावात नाही. एकदाच हसलो.
त्याच्याकडे सूट आहे. टेस्टच माफ! का, तर तीन वर्षांत एकही अपघात नाही. माणूस महाआगाऊ. गॉगल, इस्त्रीचा शर्ट, पत्त्यांत सगळ्यांना धुतो आणि वर दात काढतो. गाडी चालवताना सारखा आरशात बघतो, जणू मुलीकडचे बघायला येणार आहेत.
मॅनेजरला जाऊन स्पष्ट सांगितलं. याला हॉर्न कसा ऐकू येणार? सायरन कसा ऐकू येणार? लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. मॅनेजर समोर बसून बोलला म्हणून नीट कळलं. म्हणाला, मागच्या महिन्यात घाटात एक ॲम्ब्युलन्स तुझ्या मागे अख्खा चढ बोंबलत होती, त्याचं काय?
मी म्हणालो, ती घाईत वाटली नाही.

१८ मार्च
आज कहर झाला. चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत सायलेंटने मोबाईलवर टाईप करून माझ्या नाकासमोर धरलं : ‘तू पण माझ्यासारखाच ओठ बघतोस. रेकॉर्ड स्वच्छ आहे तोवर सूट मागून घे. फॉर्म मी भरून देतो.’
मी! सूट! याच्या रांगेत!
त्याच्याकडे पाठ फिरवली आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. टपरी खदाखदा हसली. वळून बघतो तर तोही हसत होता. बहुतेक पाठीवरूनच ओळखलं असेल. निर्लज्ज.

२३ मार्च
बायको ओढत कानाच्या मशीनच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने बोंडाएवढं एक मशीन कानात खुपसलं आणि एकदम कल्ला सुरू. घड्याळ ठोकायला लागलं. माझेच बूट वाजायला लागले. दुकानदार कागद चाळत होता, तर पत्रे ओढल्यासारखं वाटलं. बायको शेजारून काहीतरी म्हणाली. आवाज चिरका, थकलेला, कुणा म्हातारीचा. माझ्या बायकोचा आवाज असा नाहीच.
मशीनमध्येच दोष आहे. काढून ठेवलं. बायको बाहेर येऊन उगाचच रडली. मी म्हटलं, आवाज तुझा बिघडलाय, कान माझे कशाला तपासतेस? विनोद तिला कधी कळलाच नाही.

२ एप्रिल
टेस्ट सोमवारी. मेहुण्याबरोबर प्रॅक्टिस केली. तो पाठीमागून कुजबुजला, मी म्हणून दाखवलं. एकही बरोबर आलं नाही. त्याला धड कुजबुजताही येत नाही.
मेहुणा रडकुंडीला आला. समोर येऊन म्हणाला, भाऊजी, तुमचं लायसन्स गेलं की माझीही नोकरी गेली. पोरीची शाळा आहे, काहीतरी करा. मी म्हटलं, मर्द आहेस ना, रडतोस काय?

५ एप्रिल
मेहुणा पोटदुखीचं निमित्त करून डॉक्टरांकडे जाऊन आला. बातमी अशी : स्टुलासमोर औषधांचं काचेचं कपाट आहे. आतली खोकी गडद रंगाची, त्यामुळे काचेत मागच्या माणसाचं तोंड स्वच्छ दिसतं. म्हणाला, स्टूल जरा डावीकडे सरकवून बसा, बाकी बघायची गरज नाही.
मला याची गरज नाही. पण पोराने एवढे कष्ट घेतले आहेत तर त्याचं मन मोडायचं नाही.

८ एप्रिल
पास!!! डॉक्टर कुजबुजला, मी धडाधड म्हणून दाखवलं. समोर कपाट होतं, आता डोळे मिटून थोडंच बसणार? ऐकलं कानांनीच. सर्टिफिकेटवर लिहिलंय, श्रवणशक्ती उत्तम.
लॅमिनेट करून घेतलं. आधी यार्डात फिरवलं. सायलेंटने वाचलं आणि टाईप केलं : ‘कपाट अजून तिथेच आहे का?’ जळफळाट, दुसरं काय!
घरी बायकोला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं, यापुढे या घरात माझ्या कानांबद्दल अवाक्षर नको. सरकारी शिक्का आहे. बायको म्हणाली, बरं.

१५ एप्रिल
मेहुणा म्हणतो, रिव्हर्स घेताना मागे एकट्याने उभं राहायची भीती वाटते, तुम्हाला माझी हाक पोचत नाही. सर्टिफिकेट दाखवलं. जाऊन मागे उभा राहिला.

१९ एप्रिल
लिहवत नाही. थोडक्यात लिहितो.
गोडाऊनचं फाटक अरुंद होतं म्हणून डाव्या बाजूचा आरसा आत दुमडला होता. आत गेल्यावर उघडायचा राहिला. मेहुणा मागे उभा राहून येऊ द्या, येऊ द्या म्हणत असणार. तो नेहमी तेच म्हणतो. चाकाखाली काहीतरी आल्याचं सीटमधून कळलं. वाटलं, लाकडाचा ओंडका असेल. म्हणून थोडा ॲक्सिलरेटर दाबला.
मग समोरून हमाल धावत येताना दिसले. सगळ्यांची तोंडं उघडी.

२० एप्रिल
मेहुण्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. हॉस्पिटलात बायको भावाच्या उशाशी बसून आहे. मी बिस्किटं नेली होती. कुणी घेतली नाहीत, मग मीच खाल्ली.
चूक कोणाची हे बघावं लागेल. एवढ्या जवळ उभं राहायचं कशाला?

२३ एप्रिल
ऑफिसात चौकशी. मॅनेजर, डॉक्टर, विम्याचा माणूस, गोडाऊनचे हमाल. आणि सायलेंट! त्याचा ट्रक शेजारी लागला होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण मेहुण्याचं उघडं तोंड दिसलं आणि तो धावला. माझ्या दारावर हात आपटणारा तोच होता म्हणे.
हमालांनी सांगितलं, माणूस एवढा ओरडला की रस्त्यावरची माणसं आत आली. डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाला, यांचे कान उत्तम आहेत, टेस्ट मी स्वतः घेतली.
मग मॅनेजरने बाजूला नेलं. चेहरा समोर धरून एकेक शब्द सावकाश बोलला. म्हणाला, ऐकू आलं नाही असं सांग. लायसन्स जाईल, अपघात झाल्यामुळे सूटही मिळणार नाही, पण गेटवर तरी ठेवीन तुला. ऐकू आलं म्हणालास तर विषय वेगळा होतो. ऐकूनही गाडी मागे घेतली, असा त्याचा अर्थ होतो. मग पोलीस.
मी विचार केला. खरंच केला. सगळे बघत होते. सायलेंट माझ्या ओठांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत, देवाशपथ सांगतो, दया होती. मी काय सांगू? की मी याच्यासारखा आहे?
ताठ उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं.
डॉक्टर सोडून सगळ्यांचे चेहरे उतरले.

२६ एप्रिल
जामिनावर घरी. लायसन्स जमा. ट्रक आता सायलेंट चालवतो. मेहुण्याने पोलिसांना जबाब दिला की भाऊजींनी मुद्दाम केलं असं त्याला वाटत नव्हतं, पण आता तेच म्हणत असतील तर तसं असेल.
बायको भावाकडे राहायला निघाली. बॅग भरत असताना तिची पाठ माझ्याकडे होती. ती काहीतरी बोलत होती, मी हो हो म्हणत होतो. मग ती एकदम वळली, जवळ आली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कानात ओरडली. म्हणाली, आयुष्यभर मी जगाला सांगत आले, त्यांना ऐकू येत नाही हो, मनावर घेऊ नका. त्या दिवशी ऑपरेशननंतर भावालाही तेच सांगून शांत केलं. आणि तुम्ही चारचौघांत सांगून आलात की ऐकलं. आता त्याला काय सांगू?
भिंतीवरचं कॅलेंडर हललं, म्हणजे दार आपटलं असणार.
एवढं ओरडायची काही गरज नव्हती. मला नीट ऐकू येतं.