डुकरांनी सोडलेली जागा

१४ जानेवारी

पुन्हा तेच! अंघोळ करून आत, अंघोळ करून बाहेर — रोग अंगाला चिकटून जायला नको म्हणून. या थंडीत. इतका स्वच्छ मी जन्मात नव्हतो.

डुकरांच्या लशीच्या केंद्रावर महिना झाला — मासेमारीच्या बोटीवर टिकलो त्यापेक्षा जास्त. काम सोपं. डुकरांना खायला घालायचं, फरशी धुवायची, सकाळी एकेकाला धरून ठेवायचं, न्हामबाई रक्त घेतात. त्या इथल्या डॉक्टर. अर्ध्या डुकरांना त्यांची नवी लस दिली आहे, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, आम्हाला सांगत नाहीत. काल सगळ्यांना डुकरांच्या तापाचा विषाणू टोचला. आता बघायचं, कोण मरतंय.

बाईंची तपासणीची पट्टीही नवीच. रक्ताचा थेंब टाकला की एक रेघ — बरं. दोन — संपलं. कोविडसारखंच.

माझ्याबरोबरचे खाइकाका म्हणाले, "त्यांना नावं देऊ नकोस, पोरा." दिलं आधीच. सव्वीस नंबरचा माझा बूट चावतो. बुटखाऊ.

१६ जानेवारी

गावाहून थोआताईचा फोन. "लस कधी येणार रे? की तिथूनही पळालास?"

मागच्या साली याच तापाने तिचा अख्खा गोठा गेला. डुकरं चुना टाकून पुरावी लागली. मी तेव्हा तिथे नव्हतो. कुठे होतो, तेही नीट आठवत नाही. आता तिने एकच डुकरीण आणली आहे, पहिलंच वेत. "ही गेली तर घराला कुलूप, मी कारखान्यात शिवायला," म्हणाली. हसत म्हणाली. ताई हसते तेव्हा खरं बोलते.

१७ जानेवारी

विचित्र!

थंडीत डुकरं पोत्यांसारखी एकमेकांवर पडून झोपतात. आज नऊ नंबरची एकटीच. तिच्याभोवती हातभर रिकामी फरशी, बाकीची पलीकडे ढिगाने. ती तर छान खात होती, शेपटी वळलेली. पट्टीवर एकच रेघ.

मी तिला ढिगाकडे ढकललं. ढीग उठला आणि समोरच्या भिंतीला जाऊन लागला. कुठे हूं नाही की चूं नाही. डुकरं आवाज न करता हलतात हे मला माहीत नव्हतं.

१८ जानेवारी

नऊ नंबर — दोन रेघा.

२० जानेवारी

चार आणि एकतीस. काल दोघांभोवती जागा रिकामी. आज रेघा.

न्हामबाईंना सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. "कुठे उभा होतास? दाखव मला." छताला कॅमेरा लावून घेतला. "दोन-तीनदा जुळलं म्हणजे पुरावा नव्हे, खिएम. पण माझी पट्टी एक दिवस उशिरा बोलत असेल तर मला ते कळायला हवं."

खाइकाका म्हणाले, "आत गेलास की आधी बघत जा — तुझ्यापासून तर लांब पळत नाहीत ना!" आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसले. मला नाही आलं हसू.

२३ जानेवारी

बुटखाऊ एकटा.

बूट पुढे केला. चावला की — चांगला जोरात! रेघ एकच. बाकीच्यांना मी शिव्या घातल्या. सगळी भिंतीला चिकटून माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे एकही नाही.

२४ जानेवारी

दोन.

२८ जानेवारी

गेला.

मेलेलं सगळं भट्टीत जातं, कानातल्या बिल्ल्यासकट. फाटकाबाहेर या जनावरांसाठी छोटा देव्हारा आहे. उदबत्ती, फळं, भात. बाई स्वतः हात जोडतात. पण तिथे नाव नाही, नंबर नाही. उदबत्ती कुणाला पोचते, कसं कळणार?

बुटखाऊचा बिल्ला मी काढून घेतला. गालात धरून अंघोळ केली. रक्ताची चव आली. बाहेर येऊन बिल्ला देव्हाऱ्याच्या राखेत खोचला. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

बाईंनी आज कुणाला लस, कुणाला पाणी ते उघड केलं. मेलेली सगळी पाण्याची. लसवाली सगळी जिवंत! सगळी! बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "चहा टाका रे कुणीतरी."

ताईला फोन केला. तिकडे पिलं झालीत, डुकरीण बरी आहे. ताई किंचाळलीच. "मग ऐक. टेटच्या सकाळी पहिलं पाऊल तू टाकायचंस. घरात, आणि गोठ्यातसुद्धा."

टेट म्हणजे आमचं नवं वर्ष. त्या दिवशी पहिलं पाऊल ज्याचं, त्याचं नशीब वर्षभर त्या घरात. आजवर मला ती टेटला कुणीतरी दुसरं येऊन जाईपर्यंत फाटकाबाहेर उभं करायची — भटक्याचं पाऊल नको म्हणून! "आता तू लसवाला झालास," म्हणाली.

८ फेब्रुवारी

टेटची सुटी. न्हामबाईंनी एकेकाला निक्षून सांगितलं, "खा, प्या, मजा करा. आठवडाभर डुकराच्या जवळ जायचं नाही." माझ्यापाशी थांबल्या. "खिएम, ताईच्या गोठ्यात अजून लस पोचलेली नाही. लक्षात आहे ना?" मान हलवली.

पण टेट तर परवाच. पहिलं पाऊल आठवड्यानंतर कसं टाकणार?

तीनदा अंघोळ केली. नखं कापली. बूट इथेच ठेवले. आता माझ्या अंगावर राहिलंय काय?

निघताना बघतो तर खाइकाका सणासाठी देव्हारा पुसत होते, जुनी राख काढून टाकत होते. बुटखाऊचा बिल्लाही कचऱ्यात गेला असता. जाकिटाच्या खिशात टाकला. घरी देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोशेजारी ठेवीन.

१० फेब्रुवारी, टेट

पहिलं पाऊल घरात. मग गोठ्यात. पिलं आईला बिलगून ढिगाने झोपलेली. "जा ना, जवळ जा," ताई म्हणाली. वाकलो.

ढीग उठला. आवाज न करता समोरच्या भिंतीला लागला. मागोमाग डुकरीणही.

"लाजतायत तुला!" ताई हसली.

माझा हात खिशात, बुटखाऊच्या बिल्ल्यावर होता. मी कडेकडेने दोन पावलं सरकलो. रिकामी फरशी माझ्याबरोबर सरकली.