शिरेच्या तोंडाशी अडलेली तार

३ फेब्रुवारी, सोमवार
उद्या! डॉक्टरीणबाईंनी आज कागदावर ह्यांचं हृदय काढून दाखवलं — बटाट्यासारखं. डावी भिंत उजवीपेक्षा उशिरा हलते, म्हणून रक्त नीट ढकललं जात नाही, म्हणून चार पायऱ्यांत धाप. डाव्या खांद्याखाली मशीन बसवायचं आणि तारांनी दोन्ही बाजू एकदम हलवायच्या. उजवीकडची तार सोपी. डावीकडची अवघड. हृदयाच्या पाठीमागून एक मोठी शीर जाते. हृदयानं स्वतः वापरलेलं रक्त तिच्यातून उजव्या कप्प्यात येतं. तिच्या तोंडातून उलटं शिरून तार डावीकडे न्यायची.
"म्हणजे नाडी ओवायचीच की!" — वन्सं.
"हो, फक्त नेफा डोळ्यांना दिसत नाही," बाई म्हणाल्या.
हे हसले नाहीत. घरी आल्यावर त्या खरखरीत सुतारी हातांनी माझा हात धरून बसले. "तू बाहेरच असशील ना?"

४ फेब्रुवारी
नाही झालं.

५ फेब्रुवारी
काल लिहवेना. दुपारभर दारावरचा लाल दिवा बघत होते. बाई बाहेर आल्या, टोपीखाली केस घामानं चिकटलेले. शिरेच्या तोंडावर पातळ पडदा असतो म्हणे, बहुतेकांत इवलासा. ह्यांचा जवळजवळ सगळं तोंड झाकून बसलाय. तार दरवेळी घसरून बाहेर. "जोर केला असता तर शीर फाटली असती. थांबले."
वन्सं भडकल्या — "मोठ्या डॉक्टरांना बोलवा!" मला मात्र थांबल्या म्हणून त्यांचे पाय धरावेसे वाटले. छाती उघडूनही करता येतं. पण ह्या हृदयाला ते झेपेल?

९ फेब्रुवारी
आता बसूनच झोपतात. आडवं झालं की गुदमरतं. मी उशी सारखी करत होते तर म्हणाले, "तुला फार त्रास देतो ना गं?" सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! मी नळ सोडून रडले.

१९ फेब्रुवारी
पुन्हा आत नेलंय. वन्सं डबा पुढे करतात, मी झाकण लावून परत देते.

झालं!! या खेपेला बाईंनी आधी धमनीत रंग सोडला. तो हृदयभर फिरून शिरेतून बाहेर पडला, तेव्हा एक्स-रेत पडद्याच्या कडेला फट दिसली. तिथून आधी बारीक तार, तिच्यावरून नळी, मग मशीनची तार. "परतणाऱ्या रक्तानंच वाट दाखवली," म्हणाल्या. मी त्यांना मिठीच मारली — हातमोज्यांसकट!

२ मार्च
हे डाव्या कुशीवर वळले की पोट उचकी लागल्यासारखं उडायचं. तार श्वासाचा स्नायू हलवणाऱ्या नसेच्या शेजारी आहे. बाईंनी मशीनची सेटिंग बदलली, थांबलं. येताना जिना एका दमात चढले. मीच मागे!

१६ मार्च, रविवार
चहा कोमट होता. कप माझ्या कानाजवळून भिंतीवर गेला — ह्यांच्या उजव्या हातानं. डावा अजून वर न्यायचा नाही. वन्सं आतून हसल्या, "चला, आमचा दादा परत आला!"
हो. आला.
मी भावाला फोन केलाय. संध्याकाळी मला न्यायला येतोय.