न आठवणारे दिवस

४ जानेवारी
पोचले एकदाची! सांगलीहून निघाल्यापासून गाडीच्या धक्क्यांनी अंग आंबलंय, पण मन अगदी फुलून आलंय. तंजावूर स्टेशनाबाहेर कमलाक्षीअक्का स्वतः ऑटो घेऊन उभ्या होत्या. माझ्या घरमालकीणबाई. इथल्या नव्या ऑफिसातल्या भुवनाने हे घर गाठून दिलं. "ये ग, थकलीस न?" हे त्यांचं पहिलं वाक्य, चक्क मराठीत! मराठी घराणं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बोलण्याला तमिळ हेल, आणि मधूनच असा एखादा जुना शब्द की माझी पणजी आठवावी. देवनागरी मात्र वाचता येत नाही म्हणाल्या. घर राजवाड्यामागच्या गल्लीत आहे. खाली त्या एकट्या, वर मी. साठी ओलांडलेल्या बाई, पण माझी बॅग मला उचलू देईनात.

११ जानेवारी
काम आवडतंय. बियाणं तपासणीची प्रयोगशाळा छोटी, पण नेटकी आहे. ओल्या कागदावर भाताचे शंभर दाणे मांडायचे आणि काही दिवसांनी मोड आलेले मोजायचे. काल भुवनाच्या स्कूटरवरून पापनाशमच्या बाजूला नमुने आणायला गेलो. शेतं कापणीला आली आहेत. संध्याकाळी अक्कांनी पल्लांगुळी शिकवली. लाकडी पाटावरच्या खळग्यांतून चिंचोके फिरवायचे. तिन्ही डाव हरले. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, तुला डोकंच नाही!

२० जानेवारी
आज पहिल्यांदा पेन धरलंय. पोंगलच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पाय घसरला. भोगीची साफसफाई म्हणून जुन्या चटया खाली नेत होते. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा अक्कांच्या मांडीवर डोकं होतं, आणि त्या तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत रडत होत्या.
डॉ. मुरलीकृष्ण म्हणाले, कन्कशन. स्कॅन साफ आहे, मेंदूला हादरा बसलाय. खोलीत अंधार ठेवा, मोबाईल बंद, गोंगाट नको, आणि रोज दहा मिनिटं काय त्रास झाला ते लिहा. चांगले दिवस येतील, वाईट येतील, त्यांचा क्रम नसतो, घाबरू नका. आई आणि दादा यायला निघाले होते. मीच नको म्हटलं. अक्का आईसारखं करतात.

२४ जानेवारी
चांगला दिवस. गच्चीत गॉगल लावून अर्धा तास बसले. रसमभात जेवले. भुवना गंमत म्हणून पुडीतून भाताचे दाणे घेऊन आली होती. चाळीसपर्यंत मोजले, मग सगळं गोल फिरायला लागलं.

२६ जानेवारी
वाईट. समोरच्या देवळातली घंटा कवटीच्या आत वाजते आहे. 'उशी' हा शब्द आठवेना. अक्कांना हाताने खूण केली, तर भलतंच आणून दिलं त्यांनी. मग मीच रडले, उगाच.

३० जानेवारी
तीन दिवस काही लिहिलं नाही. आठवतही नाही. झोपलेच असणार. उठले तेव्हा केसांची तेल लावून घट्ट वेणी घातलेली होती, आणि वेणीत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा. अक्कांनी घातली असेल.
अक्कांच्या मोबाईलवर आईचा फोन आला. आवाज खुललेला होता. म्हणाली, काल किती दिवसांनी पोटभर बोललीस ग. फक्त तुझी बोली किती बदलली, अगदी तिथली झालीस.
काल मी आईशी बोलले नाही.

२ फेब्रुवारी
पुन्हा एक दिवस गेला. अक्कांना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, वाईट दिवस कसला? किती छान होतीस. जिना भराभरा उतरलीस, कोलम काढलास, माझ्याबरोबर पल्लांगुळी खेळलीस. पाचही डाव जिंकलीस.
मला ही इथली रांगोळी, कोलम, काढता येत नाही. बाहेर जाऊन पाहिलं. उंबऱ्यासमोर एकाच रेषेत ओढलेली कमळं, कुठे हात उचललेला दिसत नाही.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो. विसरण्याचं सांगितलं. ते गंभीर झाले, पुन्हा स्कॅन करू म्हणाले. तेवढ्यात अक्का मधेच तमिळमध्ये भराभरा बोलल्या. डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, तुमच्या अक्का सांगतात की तुम्ही दिवसभर हिंडता-फिरता, गाता. मग काळजी कशाची?
मी गात नाही. कधीच गायले नाही.

६ फेब्रुवारी
समोरच्या ओट्यावर सेतुराम बसतात, पोस्टातून निवृत्त झालेले. आज मला एकटी बघून त्यांनी जवळ बोलावलं. मोडक्या मराठीत, हलक्या आवाजात सांगितलं ते असं. अक्कांना एक धाकटी बहीण होती, चंद्रमती. वरच्या खोलीत राहायची. तेरा वर्षांपूर्वी त्याच जिन्यावरून पडली. तिलाही डॉक्टरांनी अंधारात पडून राहायला सांगितलं होतं. काही दिवस बरी, काही दिवस नाही. चाळिसाव्या दिवशी गेली. गाणारी होती, तिच्यासारखा कोलम गल्लीत कुणाचा नव्हता.
मग म्हणाले, "त्या दिवशी तू कोलम काढत होतीस, पोरी. तू माझ्याकडे बघून हसलीस आणि मी आत जाऊन दार लावलं. तुझं हसू नव्हतं ते."

७ फेब्रुवारी
अक्कांना स्पष्ट विचारलं. वाटलं चिडतील. त्या जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, पहिल्यांदा तिने हाक मारली तेव्हा मला वाटलं तूच थट्टा करतेस. मग तिने आमच्या आईचं, घराबाहेर कुणाला न सांगितलेलं नाव घेतलं. आता सांग, मी काय करायला हवं होतं?
मी म्हटलं, अक्का, मी जिवंत आहे. मला माझे दिवस हवे आहेत.
त्या हात जोडून म्हणाल्या, "सगळे नाही मागत ग. थोडेच दे. तुझे वाईट दिवस. तुला तरी ते कुठे हवेत?"
क्षणभर— हे लिहायला लाज वाटते— क्षणभर मला त्यांचं पटलं.

११ फेब्रुवारी
तीन दिवस गेले. डोकं दुखत नाही आता. हेच भयंकर आहे. दुखत होतं तेव्हा मी होते. भुवना येऊन गेली म्हणे, चांगली बरी झालीस म्हणाली. सगळ्यांना तीच आवडते.
दादाला फोन केला. मला घेऊन जा म्हटलं. तो गोंधळला. म्हणाला, सुप्रभा, कालच तू सांगितलंस की यायची गरज नाही, इथेच कायम राहणार आहेस. कुठलं खरं मानू? मी रडायला लागले. मग त्याला लहानपणीची ती विहिरीची गोष्ट सांगितली, जी आम्ही दोघांनी आईला कधीच कळू दिली नाही. तो म्हणाला, निघतो.

१३ फेब्रुवारी
दादा परवा पोचेल. जागं राहायचं. झोपले की ती येते. हाताला चिमटे काढतेय. खिडकी उघडून उन्हाकडे बघते, डोकं दुखावं म्हणून. दुखू दे. दुखलं की मी—

१४ फेब्रुवारी
आरशात नाही बघायचं. ती ओठ हलवते.
अक्का जेवणाचं ताट ठेवून गेल्या. माझ्याकडे बघत नाहीत. दारातून हळूच विचारलं, चंद्रा?
मी नाही म्हटलं. आवाज आला तो— हो.

१५ फेब्रुवारी
दादा आलाय. समोर खुर्चीवर बसलाय. मी पलंगावर. तोंड तिचं झालंय. हात अजून माझा आहे, एवढाच, म्हणून लिहितेय. ती त्याच्याशी बोलते आहे. हसते आहे. प्रवास कसा झाला, आई कशी आहे. तो विचारतोय काय लिहितेस— ती म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय, रोजचं.
विहिरीचं विचारलं त्याने. तिने सांगितलं. सगळं. बरोबर सांगितलं. माझ्यातलंच काढून—
त्याचा चेहरा निवळला. दादा, नको. माझ्याकडे नाही, वहीकडे बघ.
अक्का दारात उभ्या आहेत. त्यांना माहीत आहे. एक शब्द, अक्का. एकच. सांगा त्याला—
त्यांनी मान खाली घातली.
दादा उठला. डोक्यावर हात ठेवला माझ्या. त्याला वाटतंय मी बरी— बूट घालतोय. दादा वही घे, ही वही, वळ, मी इथे आहे, मी अजून इ