मुखरूची उडती बंडी

वडसा, ता. २८ ऑक्टोबर १९५७

ती. स्व. सौ. देवका वहिनीस उमाजीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे क्षेम आहे. धान कापणीला आलं आहे, गिरणीवर गर्दी सुरू होईल. त्यात हिवाळ्याच्या नाटकाची तालीम, आणि हसवायचा प्रवेश लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. गुणवंतभाऊंची वाचा थोडी तरी फुटली का? पोळ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून टपालवाला दिसला की आधी राजुऱ्याचं पत्र शोधतो.

नागपूरच्या मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं आहे. रशियानं आकाशात उपग्रह सोडल्यापासून वाचक भाऊंची 'मुखरूची उडती बंडी' पुन्हा मागू लागले आहेत. मालिका थांबून दहा वर्षं झाली, पण बैलबंडीतून चंद्रावर जाऊन तिथल्या लोकांना 'धानाची रोवणी झाली का?' विचारणारा मुखरू कोणी विसरलं नाही. भाऊंचा हात चालत नसेल तर पुढचे भाग मी लिहावे, नाव त्यांचंच राहील, असं संपादक म्हणतात. भाऊंना विचारून कळवावं.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपला, उमाजी


राजुरा, ता. ३ नोव्हेंबर १९५७

चि. उमाजी भाऊजीले अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र भेटलं. मी त्याइले काही सांगितलं नाई. माणूस खाटेवर डोळे उघडे ठेवून पडला आहे, आन् त्याच्या नावानं दुसरा लिहीन, हे मी कोन्या तोंडानं सांगू? जित्या माणसाचं तेरावं करता काय, भाऊजी?

ते लिहायचे तवा एकटेच हासत. मी चुलीपासून विचारलं, काऊन हासता, तर म्हणत, मुखरूनं मंगळावर बैल विकाले काढला. आता पाणी पाजलं तरी ठसका लागते. वैद्य म्हणते, मनाले धक्का बसला तर दुसरा झटका यीन. संपादकाले नाई म्हणून कळवा.

रागावली म्हणून माया आटली असं समजू नका.
तुमची वहिनी, देवकाबाई


वडसा, ता. ९ नोव्हेंबर १९५७

ती. स्व. वहिनीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे संपादकांना नकार कळवला. त्यांचं उत्तर उलट टपाली आलं. आपण नाही म्हटलं तर नागपूरचाच एकजण लिहायला तयार आहे. म्हणे मुखरूच्या बंडीचे बैल काढून इंजिन लावणार आणि त्याला शहरी बोलायला लावणार. महिनाअखेर हो-नाही हवं आहे.

मला राहवलं नाही. एक भाग लिहून सोबत पाठवतो. त्यात बंडीचं चाक आकाशातच निखळतं, मुखरू खाली गावात उतरतो आणि तळ्याच्या पाळीवर निवांत बसतो. बायको त्याला घास भरवते. मालिका अशी मायेनं संपावी असं वाटलं. भाऊंना एकदा वाचून दाखवा. त्यांनी नाही म्हटलं तर कागद चुलीत घाला, मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

चुकलो असेन तर कान धरा, पण दूर लोटू नका.
आपला, उमाजी


राजुरा, ता. २० नोव्हेंबर १९५७

चि. उमाजी भाऊजीले अनेक आशीर्वाद.

तुमचं पाकीट मी फळीवर टाकून ठेवलं होतं. परवा त्याइच्या शाळेतले पत्रू गुरुजी भेटाले आले. रशियानं आता एक कुत्री आकाशात पाठवली, असं ते सांगून राह्यले, तं ह्याइचे डोळे एकदम जागे झाले. तवा पाकीट काढलं आन् गुरुजीसमोर वाचलं.

दोन ठिकाणी त्याइचे ओठ हालले. पण शेवट आला, बायको घास भरवते ते वाचलं, आन् त्याइनं डाव्या हातानं कागद खाटेखाली लोटून देले. तोंड लाल झालं, गळ्यातून घरघर निघे. मले वाटलं, झटका आला. मी पाय चोळत बसली, गुरुजी वैद्याले आणाले धावले. वैद्यानं नाडी पाहून धीर देला. पण त्याइनं भिंतीकडे तोंड केलं आन् दिवसभर अन्न घेतलं नाई. खरं सांगते, मले भीती वाटली आन् मनातून बरंही वाटलं, का त्याइले नकोच आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजीनं विचारलं, मुखरू बंद करायचा काय? त्याइनं मान हालवली, नाई. उमाजीनं लिहावं काय? डोळे मिटून हो म्हटलं. मंग राग कायचा, ते आमाले समजे ना. मी एकेक कागद पुढं धरला. शेवटच्या कागदावर, बंडी खाली उतरते तिथं, त्याइनं नख रोवलं. लय वेळ गळा खटपट करत होता. मंग बोलले, "वर."

अर्धंच निघालं, पण गुरुजीनंही आयकलं. मी विचारलं, मुखरूले खाली आणायचं नाई? त्याइचं तोंड वाकडं आहे, तरी हासले ते मले समजलं.

तवा संपादकाले हो कळवा. नागपूरवाल्याच्या हातात मुखरू जाऊ देऊ नका. शेवटचा कागद तेवढा म्या चुलीत घातला. त्याइच्या नावाखाली तुमचंही नाव घाला, हेही त्याइनंच बोटानं दाखवलं. पुढचा भाग लिहाल तवा कागदाच्या एका बाजूले जागा सोडा. चुकलं तिथं ते डाव्या हातानं रेघ मारतीन.

त्या दुपारी मी भाताचा घास घेऊन बसली, तं त्याइनं माह्या हातातला चमचा काढून घेतला. अर्धा भात सदऱ्यावर सांडला. मी पुसाले उठली नाई, पाहतच राह्यली.

येणं जमलं तं या. नाई तं पत्राची वाट पाहू.
तुमची वहिनी, देवकाबाई